माफी कोणाला, वसुली कोणाकडून?

मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर फुले, केळी, नारळ आणि पूजासाहित्य विकणाऱ्यांची रांग भल्या सकाळी लागते. २०२५ च्या जुलै महिन्यात बंगळूर शहरातील अशा असंख्य छोट्या विक्रेत्यांच्या गल्ल्यावरून मोबाईलने पैसे भरण्याचे चौकोनी छापील कागद एकाएकी नाहीसे झाले आणि त्यांच्या जागी ‘फक्त रोख’ असे लिहिलेले पुठ्ठे लटकू लागले. राज्याच्या वाणिज्य कर खात्याने मोबाईलवरील देवघेवीची माहिती गोळा करून हजारो छोट्या व्यापाऱ्यांना वस्तू व सेवा कराच्या नोटिसा धाडल्या होत्या. हावेरीतील एका भाजीविक्रेत्याच्या नोटिशीतला आकडा सुमारे २९ लाख रुपयांचा होता. ताज्या भाजीवर हा कर मुळात नाही. आणि उलाढाल म्हणजे नफा नव्हे, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. बेकरीवाले, चहावाले, भाजीवाले संतापले, बंदची भाषा सुरू झाली, तेव्हा २३ जुलैला मुख्यमंत्र्यांनी व्यापाऱ्यांच्या प्रतिनिधींना बोलावून, जुनी थकबाकी वसूल केली जाणार नाही, मात्र पुढे नोंदणी करावी, असे सांगितले. प्रकरण निवळले.

आठव्या क्रॉसवरून संपिगे रस्त्याने दक्षिणेकडे चालत गेले की, जेथे एके काळी राजा मिलचा भोंगा वाजत असे, तेथे २०१० साली उघडलेला प्रचंड मॉल उभा आहे. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या मेट्रोच्या शेजारच्या स्थानकानेही या मॉलचेच नाव धारण केले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन महानगरपालिकेने थकलेल्या मालमत्ता करासाठी या मॉलला टाळे ठोकले. पालिकेच्या म्हणण्याप्रमाणे थकबाकी ५० कोटी रुपयांच्या पुढे गेली होती. २०२१ मध्येही याच कारणासाठी असेच टाळे लागले होते आणि निघालेही होते. कोर्टकचेऱ्या, हप्ते, धनादेश, मुदती यांचा खेळ वर्षानुवर्षे चालू शकतो. तो खेळण्याची ऐपत ज्याच्यापाशी आहे त्याच्यासाठी कर ही वाटाघाटीची बाब असते; ज्याच्यापाशी ती नाही त्याच्यासाठी कर म्हणजे दारावर येऊन धडकलेली नोटीस असते.

एका पेठेतील ही दोन दृश्ये केवळ स्थानिक प्रशासनाच्या ढिलाईची उदाहरणे असती, तर त्यांवर स्तंभ खर्ची घालण्याचे कारण नव्हते. परंतु देशाच्या करव्यवस्थेचा तराजू कोणत्या बाजूला झुकलेला आहे हे त्यांत लख्ख दिसते. तो तसा का झुकला आणि त्यामुळे राष्ट्राच्या अर्थव्यवस्थेचे काय होते, हा खरा प्रश्न आहे.

पणजीतील एक सकाळ

२० सप्टेंबर २०१९ रोजी वस्तू व सेवा कर परिषदेच्या बैठकीसाठी अर्थमंत्री गोव्यात होत्या. बैठकीपूर्वी पणजीत पत्रकारांना बोलावून त्यांनी कंपन्यांवरील प्राप्तिकराचा मूळ दर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणल्याचे जाहीर केले. नव्या कारखानदारी कंपन्यांसाठी तो केवळ १५ टक्के ठरविण्यात आला. अर्थसंकल्प संसदेत मंजूर होऊन दोन महिनेही लोटले नव्हते. तरी एवढा मोठा फेरबदल संसदेपुढे न नेता वटहुकुमाने त्याच दिवशी अमलात आला. शेअर बाजाराचा निर्देशांक एका दिवसात १,९०० अंशांहून अधिक उसळला. या निर्णयापोटी सरकारने स्वतःच सांगितलेली महसुलाची घट होती वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपये.

हा आकडा सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे उभा राहत नाही, म्हणून त्याचे माप घेतले पाहिजे. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात साऱ्या देशातील ग्रामीण रोजगार हमीसाठी ६० हजार कोटींची तरतूद होती. म्हणजे कंपन्यांना दिलेली सूट तिच्या दुपटीहून अधिक भरते. कर्नाटकात २०२३ पासून कुटुंबप्रमुख स्त्रीला महिन्याला २,००० रुपये देण्याची योजना सुरू झाली, तेव्हा ‘राज्य दिवाळखोरीत निघणार’ असा केवढा गहजब झाला! त्या दराने हिशेब केला, तर पणजीत एका सकाळी सोडून दिलेल्या रकमेतून देशातील सहा कोटी स्त्रियांना वर्षभर हे पैसे देता आले असते. त्या सकाळी मात्र दिवाळखोरीची भाषा कोणी काढली नाही.

शिवाय ही सूट कोणाच्या पदरात पडली? वर्षाला ४०० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या कंपन्यांसाठी दर आधीच २५ टक्क्यांवर आणलेला होता. तेव्हा नव्या कपातीचा मोठा घास त्याहून मोठ्या कंपन्यांनी गिळला, हे उघड आहे. आणि हा पैसा एकट्या केंद्राचा नव्हता. कंपन्यांवरील मूळ कर राज्यांशी वाटून घ्यावयाच्या निधीत जमा होतो. त्या वेळी त्यातील ४२ टक्के वाटा राज्यांचा होता. म्हणजे केंद्राने उदारपणाचे श्रेय घेतले आणि त्या उदारपणाचा मोठा भाग राज्यांच्या खिशातून भरला. अधिभार आणि उपकर मात्र राज्यांना वाटावे लागत नाहीत. पुढे पंधराव्या वित्त आयोगाने कर्नाटकाचा वाटा ४.७१३ टक्क्यांवरून ३.६४७ टक्क्यांवर आणला. राज्याची तिजोरी अशी दोन्हीकडून आवळली गेली, की ती मग कोणाकडे वळते? २०२५ मध्ये बसचे भाडे जानेवारीत वाढले, मेट्रोचे कमाल भाडे फेब्रुवारीत ६० वरून ९० रुपयांवर गेले, एप्रिलमध्ये दूध लिटरमागे चार रुपयांनी महागले. यांतील प्रत्येक वाढीची आपापली कारणे आहेत, हे मान्य. परंतु वरून न घेतलेला पैसा खालून गोळा करावा लागतो, या नियमाला कोणतेही राज्य अपवाद ठरत नाही.

रुपया येतो कुठून?

दर वर्षी अर्थसंकल्पाबरोबर ‘रुपया येतो कुठून, जातो कुठे’ असे एक गोल चित्र प्रसिद्ध होते. जाड ग्रंथांपेक्षा ते कधी कधी अधिक बोलके असते. जुलै २०१९ च्या चित्रात सरकारच्या प्रत्येक रुपयातील २१ पैसे कंपन्यांवरील करातून आणि १६ पैसे व्यक्तींच्या प्राप्तिकरातून येणार होते. २०२५-२६ च्या चित्रात कंपन्यांचे २१ पैसे १७ वर उतरले आणि व्यक्तींचे १६ पैसे २२ वर चढले. वस्तू व सेवा कराचे १८ पैसे त्याखेरीज. सहा वर्षांत ओझे एका खांद्यावरून दुसऱ्यावर सरकले आहे; आणि ज्या खांद्यावर ते आले त्याला ‘मध्यमवर्ग’ म्हणून गोंजारण्याची पद्धत आहे.

कपातीचे समर्थक म्हणतात की, दर कमी करूनही कंपन्यांकडून मिळणारी रक्कम वाढलीच की! रुपयांत ती वाढली आहे, यात शंका नाही: २०१८-१९ मध्ये ती ६ लाख ६४ हजार कोटींच्या घरात होती, २०२३-२४ मध्ये ९ लाख ११ हजार कोटींच्या. पण किमती वाढल्या, उत्पन्न वाढले, नफा तर कितीतरी पटींनी वाढला. राष्ट्रीय उत्पादनाशी प्रमाण काढले, तर पहिल्या वर्षी तो कर सुमारे साडेतीन टक्के होता, दुसऱ्या वर्षी सुमारे तीन टक्के. दुप्पट पीक आलेल्या शेतातून दीडपट खंड मिळाला म्हणून हर्ष मानावा, तशातला हा हर्ष आहे.

नफा गेला कुठे?

कपातीमागचा युक्तिवाद असा होता: कंपन्यांच्या हाती पैसा राहिला की त्या कारखाने काढतील, कारखाने निघाले की रोजगार वाढेल, रोजगार वाढला की सर्वांचे भले होईल. हा युक्तिवाद तपासण्यासाठी विरोधकांच्या पुस्तिका उघडण्याची गरज नाही. सरकारचाच आर्थिक पाहणी अहवाल पुरेसा आहे. २०२३-२४ च्या अहवालाने ३३ हजारांहून अधिक कंपन्यांचे हिशेब पाहून नोंदविले की, २०१९-२० ते २०२२-२३ या काळात त्यांचा करपूर्व नफा जवळजवळ चौपट झाला. परंतु नोकरभरती आणि वेतन त्या मानाने वाढले नाही. खासगी क्षेत्राची यंत्रसामग्रीतील गुंतवणूक चार वर्षांत मिळून अवघी ३५ टक्के वाढली आणि इमारती-बांधकामांतील १०५ टक्के, हे मिश्रण निकोप नाही, असेही त्याच अहवालाने म्हटले. पुढच्या वर्षीचा अहवाल अधिक स्पष्ट होता: २०२३-२४ मध्ये कंपन्यांच्या नफ्याचे राष्ट्रीय उत्पादनाशी प्रमाण पंधरा वर्षांतील उच्चांकावर पोहोचले, बड्या सूचीबद्ध कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला आणि रोजगार दीड टक्क्याने.

सप्टेंबर २०२२ मध्ये खुद्द अर्थमंत्र्यांनी उद्योगपतींना जाहीरपणे विचारले होते की, तुम्ही गुंतवणूक का करीत नाही? हनुमंताला जसे त्याच्या सामर्थ्याचे स्मरण करून द्यावे लागले, तसे तुम्हालाही द्यायला हवे काय? प्रश्न मार्मिक होता, पण उपमा चुकली होती. हनुमंत आपले बळ विसरला होता. भांडवलदार आपला नफा कधीच विसरत नाही. कर कमी झाला म्हणून कोणी नवे यंत्र बसवीत नाही. यंत्रातून निघालेला माल खपेल अशी खात्री असेल तरच तो यंत्र बसवितो. माल खपायचा तर विकत घेणाऱ्याच्या खिशात पैसा हवा.

हे तत्त्व किती रोकडे आहे याचे उदाहरण पणजीच्या घोषणेच्या महिनाभर आधीच मिळाले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये देशातील एका अग्रगण्य बिस्किट उत्पादक कंपनीच्या अधिकाऱ्याने सांगितले की, पाच रुपयांच्या पुड्याचा खप घसरला आहे आणि हजारो कामगारांना कमी करण्याची पाळी येऊ शकते. कारण म्हणून त्यांनी स्वस्त बिस्किटांवर लादलेल्या १८ टक्के कराकडे बोट दाखविले होते. ज्या देशात पाच रुपयांचा पुडा जड होऊ लागतो, तेथे आजार मागणीचा आहे, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. सरकारने औषध मात्र नफ्याला दिले. बिस्किटांवरचा कर ५ टक्क्यांवर येण्यासाठी २०२५ चा सप्टेंबर उजाडावा लागला. मोठ्या कंपन्यांचे काम एका सकाळी झाले. पाच रुपयांच्या पुड्याने सहा वर्षे रांगेत काढली.

विषमता ही केवळ नीतीची तक्रार नसून अर्थव्यवस्थेचे दुखणे आहे, असे म्हणतात ते यासाठीच. मजुराच्या हाती आलेला जादा रुपया संध्याकाळपर्यंत वाण्याकडे पोहोचतो, वाण्याकडून घाऊक व्यापाऱ्याकडे आणि तेथून कारखान्याकडे. अब्जाधीशाच्या हाती आलेला जादा रुपया जमिनीत, शेअरांत आणि मोक्याच्या भूखंडांत मुरतो. त्यामुळे जमिनीच्या किमती चढतात, घरभाडी चढतात आणि मजुराच्या हातचा उरलासुरला रुपयाही त्याच दिशेने वाहू लागतो. २०२४ मध्ये थॉमस पिकेटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये भारतातील वरच्या एक टक्का लोकांच्या हाती देशाच्या संपत्तीचा ४०.१ टक्के आणि उत्पन्नाचा २२.६ टक्के भाग होता. खालच्या निम्म्या जनतेच्या वाट्याला संपत्तीचा ६.४ टक्के. आकडेमोडीच्या पद्धतीबद्दल पंडितांनी खुशाल वाद घालावा. संपत्तीवरचा करच रद्द केल्यामुळे तिची मोजदाद करण्याचे एक सरकारी साधनही नाहीसे झाले, एवढे त्या वादात विसरू नये.

दात काढून घेतलेला कर

ही साधने आपल्याकडे नव्हती असे नाही. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५३ मध्ये वारशावरील कर, म्हणजे इस्टेट ड्यूटी, लागू झाला. निकोलस कॅल्डॉर या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाच्या अहवालानंतर १९५७ मध्ये संपत्ती कर आणि १९५८ मध्ये देणगी कर आला. पैकी इस्टेट ड्यूटी १९८५ मध्ये, देणगी कर १९९८ मध्ये आणि संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. प्रत्येक वेळी मुख्य सबब एकच: उत्पन्न थोडे, उपद्व्याप फार. २०१३-१४ मध्ये संपत्ती करातून देशभरात अवघे १,००८ कोटी रुपये जमले होते, हे खरे आहे. पण का जमले नाहीत? कारण १९९३ पासून शेअर व तत्सम ‘उत्पादक’ मालमत्ता त्यातून वगळून केवळ काही घरे, मोटारी, दागिने आणि असल्याच वस्तू ठेवल्या होत्या. ज्या रूपात बड्यांची खरी संपत्ती असते तेच रूप करमुक्त केले. राखणीच्या कुत्र्याचे दात आधी काढायचे आणि मग चावत नाही म्हणून त्याला हाकलून द्यायचे, असा हा न्याय!

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. १९७३-७४ मध्ये प्राप्तिकराचा कमाल दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता आणि त्या काळात काळा पैसा उदंड पिकला. कागदावरचा चढा दर म्हणजे समाजवाद, अशी जी समजूत तेव्हा काहींनी करून घेतली होती ती भाबडी होती. पण त्यावरून ‘श्रीमंतांवर कर लावणे निष्फळ असते’ हा निष्कर्ष काढणारे लबाडी करतात. तेव्हा दर होता, पण वसुलीची इच्छा आणि यंत्रणा नव्हती. आज पाच रुपयांच्या चहाची देवघेवदेखील संगणकावर नोंदली जाते आणि चहावाल्यापर्यंत नोटीस पोहोचते. जी यंत्रणा हावेरीच्या भाजीवाल्याला चार वर्षे मागे जाऊन शोधू शकते, तिला शेअरांची, जमिनींची आणि कंपन्यांच्या साखळ्यांची मालकी शोधता येत नाही, यावर कोण विश्वास ठेवील?

दुसरी सबब भांडवल पळून जाण्याची. अमेरिकेने २०१७ च्या कायद्याने कंपनीकर ३५ वरून २१ टक्क्यांवर आणला. मग आपण कमी करायला नको काय? या शर्यतीला शेवट नाही, हे पुढे श्रीमंत राष्ट्रांनाही कळले, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये १३६ देशांनी किमान १५ टक्के कराचे तत्त्व मान्य केले. २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या कंपन्यांसाठी त्यातूनही वाट काढून घेतली, हा साम्राज्यशाहीच्या दांडगाईचा वेगळा अध्याय. पण बंगळूरची जमीन पळून जात नाही. येथील बाजारपेठ पळून जात नाही. या शहरातील सॉफ्टवेअर कंपन्यांच्या निर्यात नफ्याला मार्च २०११ पर्यंत मोठी करमाफी होती. त्या काळात उद्योग वाढला, हजारो तरुणांना नोकऱ्या मिळाल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. माफी संपली म्हणून ते उद्योग येथून उठून गेले नाहीत, हेही नाकारता येणार नाही. त्यांना येथे धरून ठेवले ते येथील शिकलेल्या माणसांनी. आणि त्यांतल्या बहुतेकांच्या शिक्षणात जनतेच्या कराचा पैसा होता.

शब्दांचे राजकारण

प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय भाषांतराचा. अर्थसंकल्पी भाषणे मराठीत आणताना एक गोष्ट वारंवार बोचते. गरिबाला तांदूळ दिला तर तो ‘अनुदान’. जुलै २०२२ पासून पंतप्रधानांच्या एका भाषणामुळे त्याला ‘रेवडी’ हा शब्दही रूढ झाला. कंपनीला कर माफ केला तर ते ‘प्रोत्साहन’. सरकार २००६ पासून अर्थसंकल्पाबरोबर एक विवरणपत्र देत आले. ‘सोडून दिलेला महसूल’ असे त्याचे सरळ नाव होते. वाचणाऱ्याला लगेच समजे की कोणी तरी काही तरी सोडून दिले आहे. पुढे ते नाव बदलून ‘कर प्रोत्साहनांचा महसुलावरील परिणाम’ असे करण्यात आले. आकडे तेच, पण सोडणारा हात वाक्यातून नाहीसा झाला. भाषांतरकाराने असा शब्द निमूटपणे उतरवून घेतला, तर तोही त्या लपवाछपवीत सामील होतो. म्हणून मराठीत त्याला माफीच म्हणावे. शेतकऱ्याची कर्जमाफी जर माफी, तर कंपनीची करमाफीही माफीच.

मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवालयापाशी १६६९ सालचा एकोजीराजांचा शिलालेख आहे. शिवाजी महाराजांच्या या सावत्र बंधूंनी देवाच्या सेवेसाठी एक गाव लावून दिल्याची त्यात नोंद आहे. राजेशाहीत महसूल कोणाच्या नावे लावून द्यायचा हे राजाच्या मर्जीवर असे. पण निदान ते दगडावर कोरून ठेवत, येणाजाणाऱ्याला वाचता येई. लोकशाहीत ही मर्जी चालता कामा नये. आपल्या राज्यघटनेचा अनुच्छेद ३९ सांगतो की, अर्थव्यवस्था अशा रीतीने चालवावी की संपत्तीचे आणि उत्पादनसाधनांचे केंद्रीकरण होऊन सर्वांचे अहित होणार नाही. याच बंगळूरमधील मिनर्व्हा मिलच्या राष्ट्रीयीकरणातून उद्भवलेल्या १९८० च्या खटल्यात आणि मुंबईच्या जुन्या चाळींच्या प्रश्नातून उद्भवलेल्या, नोव्हेंबर २०२४ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी निकाल दिलेल्या खटल्यात या तत्त्वांच्या मर्यादांचा कीस पाडला गेला. दुसऱ्या निकालात बहुमताने सांगितले की, प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही. ठीक आहे. पण कर लावण्याचा संसदेचा अधिकार कोणत्याही न्यायालयाने काढून घेतलेला नाही. उणीव अधिकाराची नाही, इच्छेची आहे. आणि ती इच्छा जनतेच्या दडपणाखेरीज निर्माण होत नसते.

तेव्हा मागण्या स्पष्ट शब्दांत मांडल्या पाहिजेत. बड्या कंपन्यांच्या नफ्यावरील २०१९ ची कपात मागे घ्या; छोट्या उद्योगांना हात लावू नका. शेअर व जमिनींसह साऱ्या मोठ्या संपत्तीवर संपत्ती कर आणि मोठ्या वारशावर वारसा कर पुन्हा लावा; मध्यमवर्गीयाचे राहते घर आणि शेतकऱ्याची कसती जमीन त्यातून वगळा. अधिभार व उपकर यांत राज्यांना वाटा द्या. जीवनावश्यक वस्तूंवरील कर उतरवा. कोणत्या कंपनीला किती करमाफी दिली याची नावानिशी यादी दर वर्षी संसदेपुढे ठेवा. आणि यातून येणारा पैसा रोजगार, सरकारी शाळा, दवाखाने व स्वस्त वाहतूक यांवर खर्च करा. म्हणजे तो पुन्हा बाजारात येईल आणि कारखान्यांची चाके आपोआप फिरतील.

जुलै २०२५ मध्ये बंगळूरच्या छोट्या विक्रेत्यांनी एकत्र येऊन सरकारला माघार घ्यायला लावली. त्यांनी कर चुकविण्याचा हक्क मागितला नव्हता; आपल्या ऐपतीच्या पलीकडे आपल्याला मोजू नका, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्याच न्यायाने ऐपत असलेल्यांना त्यांच्या ऐपतीइतके मोजा, अशी मागणी आता फूलवाला, गिरणी कामगार, कारकून आणि संगणकापुढे बसणारा पगारदार या सर्वांनी मिळून केली पाहिजे.